बसून पाहिलेला अल्हाम्ब्रा

"तुम्ही जा, मी इथेच बसते." हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. आमच्याकडे आईचं ते पालुपद आहे. किल्ला असो की देवळाच्या पायऱ्या, आई पर्स मांडीवर घेऊन खाली बसते आणि आम्ही वर जाऊन फोटो काढून येतो. गुडघ्यांचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय. त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटी ताईने आम्हा तिघांना इंदूरहून माद्रिदला बोलावून घेतलं आणि एका शनिवार-रविवारी ग्रानादाला जायचं ठरवलं. आईने लगेच विचारलं, "तिथे चढ आहे का गं?"

चढ आहे. अल्हाम्ब्रा टेकडीवरच आहे. अरबी नावाचा अर्थ 'लाल', आणि उन्हात त्या भिंती खरोखरच तांबूस दिसतात. स्पेनमधल्या ज्या मुस्लिम लोकांना युरोपात 'मूर' म्हणत, त्यांच्या शेवटच्या राजघराण्याची ही राजधानी. 1238 च्या सुमारास पहिल्या मुहम्मदाने काम सुरू केलं, पण आपण ज्यासाठी जातो ते महाल चौदाव्या शतकात यूसुफ पहिला आणि त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा यांच्या काळातले. 2 जानेवारी 1492 ला शेवटच्या सुलतानाने शहर इसाबेला आणि फर्डिनांड यांच्या स्वाधीन केलं. त्याच वर्षी 31 मार्चला इथेच स्पेनमधल्या ज्यूंना देश सोडायला लावणारा हुकूम निघाला. इतक्या नाजूक नक्षीच्या छताखाली असा कागद लिहिला गेला, हे मला तरी फिरताना विसरता आलं नाही.

आता कामाचं ऐका. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. नास्रिद महालांत शिरायची वेळ ठरलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत, आणि एकदा बाहेर पडलात की परत जाता येत नाही. शहरातून सी-30 नावाची छोटी बस वर जाते. आम्ही सगळे उतरतात तिथे, म्हणजे मुख्य प्रवेशद्वाराशी उतरलो आणि तिथून महालांपर्यंत बरंच चालावं लागलं. तिकीट हातात असेल तर न्यायाच्या दरवाजाजवळच्या थांब्यावर उतरावं, तिथून महाल जवळ पडतात. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आई मात्र त्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

ताईने तिच्यासाठी एक काठी आणली होती. उघडली की तिचं तीन पायांचं छोटं आसन होतं. आई ती हातात धरायलाही लाजत होती. "लोक काय म्हणतील!" पण पहिल्याच मोठ्या चौकात, मेंदीसारख्या झुडपांच्या कुंपणामधल्या लांब हौदाशी, तिचे पाय थांबलेच. तिने काठी उघडली आणि बसली. आम्ही पुढे सरकणार तोच म्हणाली, "अगं, खाली वाक. बुरूज अख्खा पाण्यात आहे."

मी वाकले. उभं राहून दिसत होता त्यापेक्षा कितीतरी पूर्ण बुरूज पाण्यात उतरला होता. हौदाच्या दोन्ही टोकांना कारंजी आहेत, पण त्यांचं पाणी आधी छोट्या पन्हळीतून फिरून हळूच हौदात शिरतं, तरंग उठू नयेत म्हणून. बाबांनी आयुष्यभर कालव्यांच्या कामावर नोकरी केली. ते त्या पन्हळीपाशीच अडकले. दारो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटरवरून नुसत्या उताराने वर टेकडीवर आणलंय, हे समजल्यावर त्यांना औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवली आणि पुढचा अर्धा तास आम्हाला दुसरं काही ऐकू आलं नाही.

पुढच्या राजदूतांच्या दालनात आई पुन्हा बसली. छताला लाकडाचे 8017 तुकडे जोडून सात स्वर्ग केलेत, त्यामुळे सगळ्यांच्या माना वर. आई मात्र समोर पाहत होती. भिंतीचा खालचा पट्टा रंगीत फरशांच्या तुकड्यांचा आहे, हिरवे, निळे, पिवळे तारे एकमेकांत गुंफलेले. बसल्यावर तो बरोबर डोळ्यांसमोर येतो. खिडक्याही जमिनीजवळून सुरू होतात. मी काम म्हणून लेख लिहिते, त्यामुळे येण्याआधी बरंच वाचून आले होते, आणि त्यात हेही होतं की इथली माणसं गादी-उशांवर जमिनीलगत बसत आणि दालनं त्याच उंचीवरून पाहण्यासाठी सजवलेली आहेत. वाचलं होतं, पण आईला तिथे बसलेली पाहीपर्यंत त्याचा काही उपयोग झाला नव्हता. शेवटी मी, ताई, बाबा, तिघंही तिच्या शेजारी उकिडवे बसलो. पहारेकरी आला, काठीकडे पाहून मान हलवून गेला.

सिंहांच्या चौकात गर्दी होती. बारा संगमरवरी सिंह पाठीवर कारंज्याचं भांडं घेऊन उभे आहेत आणि भांड्याच्या कडेवर इब्न जमराकची कविता कोरली आहे. सिंह लहान आहेत, थोडे बावळट दिसतात, आणि मला फार आवडले. त्यानंतरचा राजा पाचव्या चार्ल्सचा 1527 मधला दगडी महाल मात्र लग्नात दोन खुर्च्या अडवून बसलेल्या पाहुण्यासारखा वाटला.

संध्याकाळी खाली गावात जेवलो. ग्रानादात पेयासोबत छोटी खाण्याची बशी फुकट मिळते, पण त्यात बहुतेक वेळा मांस असतं, म्हणून शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" आधी सांगा. वांग्याच्या कुरकुरीत कापांवर उसाची काकवी घालून देतात, ते जरूर मागवा. आईने एक काप खाल्ला आणि म्हणाली, "ही तर आपली काकवीच!" मग जरा थांबून, "उद्या परत जाता येईल का गं?"

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. ताईने फोन पाहिला. महालांची सगळी तिकिटं संपली होती.

पण न्यायाचा दरवाजा, त्याच्या वरचा दारूचा दरवाजा आणि पाचव्या चार्ल्सच्या महालाचा चौक इथे तिकिटाशिवाय जाता येतं. रविवारी सकाळी आम्ही दोघीच सी-30 ने निघालो आणि या वेळी बरोबर थांब्यावर उतरलो. त्या 'पाहुण्या'च्या भिंतीला लागून दगडी ओटा आहे. आईने काठी बाजूला ठेवली आणि ओट्यावर बसली. मी तिच्या शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे आणि समोरच्या तांबूस भिंतींकडे ती निवांत पाहत होती.

बाबांचा फोन आला, माद्रिदच्या गाडीची आठवण करून द्यायला. आई म्हणाली, "सांग त्यांना, अजून वेळ आहे."