बाळंतिणीची विचारपूस

बारशाच्या घरी पाऊल टाकताच आपली दृष्टी पाळण्याकडे वळते, हे स्वाभाविकच आहे. बाळ कोणावर गेले, नाव काय ठेवले, अशा प्रश्नांनी घर भरून जाते. परंतु वाचकहो, भिंतीला टेकून बसलेल्या बाळंतिणीला "तू कशी आहेस?" असे आपल्यापैकी कितीजणी विचारतात? मी विचारते, तेव्हा बहुधा "बरी आहे" एवढेच उत्तर येते. पण आणखी थोडा वेळ तिच्यापाशी बसले, की कित्येकींचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीतील शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू सर्वांच्या स्मरणात आहेत. पण तिचे खरे मोल माणसांत होते. रात्री रडणारे मूल आजी उचलून घेई, दुपारी शेजारणी डोकावून जात. मी त्या काळाचे सरसकट गुणगान करीत नाही. मुलगी झाली म्हणून उतरणारे चेहरेही त्याच घरांत होते, आणि विधवेच्या वाट्याला तर केवळ निंदाच येई. अशा निराधार मातांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. घराने दार लावले तरी समाजाला ते उघडता येते, हा धडा त्यांनी घालून दिला.

आज नोकरीनिमित्त कुटुंबे दूरदूर विखुरली आहेत. माहेर शेकडो कोसांवर, पती कामावर, आणि दोन खोल्यांत दिवसभर ती व तिचे बाळ. प्रसूतीनंतर काही दिवस उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ स्त्रियांना होते व बहुधा दोन आठवड्यांत आपोआप शमते. त्यापुढेही उदासी टिकली, अन्न व झोप नकोशी झाली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, तर तो आळस नव्हे, नाटकही नव्हे. तो आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

बायकांनी एकत्र बसून काय साधते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. झारखंड व ओडिशातील तीन जिल्ह्यांत 'एकजूट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावोगावच्या स्त्रियांची २४४ मंडळे चालविली. दरमहा बैठक भरे. गोष्टी व खेळ यांच्या आधारे स्त्रिया आपल्या अडचणी मांडत आणि उपायही स्वतःच ठरवीत. अशी मंडळे नसलेल्या भागांच्या तुलनेत तेथे शेवटच्या दोन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी आढळले. मातांच्या नैराश्यात प्रारंभी फारसा फरक दिसला नाही. परंतु तिसऱ्या वर्षी त्यातील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी घटले. विश्वास रुजण्यास वेळ लागतो, हेच यावरून दिसते.

रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेच्या घरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा भेट देतात. त्या आल्या की बाळाच्या वजनाबरोबर आईच्या मनाचीही गोष्ट निघू द्यावी. १४४१६ या 'टेलिमानस' दूरध्वनी क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक घरात ठळक लिहून ठेवावा. आणि आपण? तासभर बाळ सांभाळून तिला निजू द्यावे, गरम भाकरी नेऊन द्यावी, आणि न मागता उपदेश करू नये. पुरुषांनीही हे काम बायकांचे म्हणून बाजूस राहू नये. औषध लागेल तेथे वैद्य हवाच. पण वैद्याच्या दारापर्यंत नेणारा हात बहुधा शेजारच्या घरातूनच पुढे यावा लागतो.