घाटापलीकडचा समुद्र

“बाई, तुम्ही बघितलाय काय सिंधुदुर्ग?”

चौथीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता. कुरटे बेटावरचा खडक, पायात ओतलेलं शिसं, १६६४ साली सुरू झालेलं बांधकाम, असं मी अगदी रंगात येऊन सांगत होते. आणि दुसऱ्या बाकावरच्या एका पोरानं हा प्रश्न टाकला. सहा वर्षं हा धडा शिकवतेय मी! माहेर कागल, सासर कोल्हापूर, आणि मालवण तिथून जेमतेम दीडशे किलोमीटर. “नाही रे,” म्हटलं. तो काही बोलला नाही, पण माझा तास त्या दिवशी पुढं रंगला नाही.

मैत्रिणींनो, आपल्या घरी पाहुणे आले की आपण काय करतो? अंबाबाईचं दर्शन, संध्याकाळी रंकाळा, दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा, तांबडा-पांढरा रस्सा आणि निघताना चपलांचा जोड. पाहुण्यांचं झालं कोल्हापूर बघून. आणि आपलं? आपण त्यांचे डबे भरत राहतो.

रात्री जेवताना विषय काढला. आमचे हे म्हणाले, “सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे. झेंडावंदन उरकून निघू. वाटेत दाजीपूरला मुक्काम करू, पोरांना गवे दिसतील.” मुलं नाचायलाच लागली. सासूबाई मात्र ताटातला भात चिवडत म्हणाल्या, “मला काय करायचाय समुद्र? या तुम्ही जाऊन. मी घर राखते.”

सासूबाईंचं वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरतात. खरं सांगायचं, तर त्यांचा शब्द तसाच उचलून धरावा असं क्षणभर माझ्याही मनात आलं. त्यांना वन्संकडे ठेवलं असतं, तर प्रवास किती सुटसुटीत झाला असता! पण थोड्या वेळानं मी भांडी आवरत असताना त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. “तिकडं थंडी असते काय गं?” मग मला कळायचं ते कळलं.

गुडघ्यांची परीक्षा म्हणून आदल्या रविवारी त्यांना जोतिबाच्या डोंगराजवळच्या पोहाळ्याच्या लेण्यांत नेऊन आणलं. लोक पांडवांची म्हणतात, पण ही लेणी बौद्ध भिक्षूंची. डोंगराच्या पोटात कोरलेला सभामंडप, खांब आणि आत ओळीनं लहान लहान खोल्या. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत माठातल्यासारखा गारवा. सासूबाईंनी एकेका खोलीत डोकावून विचारलं, “आणि स्वैपाक कुठं करायचे गं हे लोक?” मी म्हटलं, “भिक्षा मागून आणायचे.” “म्हणजे कुणीतरी बाईच रांधत होती की!” इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य कुठं सापडलं नव्हतं मला. गुडघेही पास झाले.

ठरल्याप्रमाणे निघालो. राधानगरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पुढं धरणाचं पाणी सोबतीला येतं. शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं. महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडायला लागले, की खाली कोल्हापुरात आपल्या पोटात गोळा येतो. २०१९ चा महापूर कोण विसरेल?

दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राखलं गेलं आणि १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य झालं. साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून थोडं जास्तच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचंही नाव जागतिक वारशात गेलं. पावसाळ्यात ते बंद असतं, तेव्हा हिवाळ्यात जावं, आणि स्वेटर विसरू नयेत. आतला रस्ता इतका खडबडीत, की सासूबाईंना मुक्कामाच्या ठिकाणीच बसवून आम्ही जीपमधून गेलो. पहिला तासभर नुसते खुरांचे ठसे आणि शेण. धाकटी रडकुंडीला आली. मग झाडावर एक शेकरू दिसलं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं. आणि परतताना, ऊन कलल्यावर, गवताच्या कडेला गवा! काळाभोर, भिंतीएवढा, आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, शाळेतले मोजे घातल्यासारखे. त्यानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. गाडीत कुणी श्वासही घेतला नाही. मग तो सावकाश झाडीत शिरला.

आम्ही हे सगळं उत्साहानं सांगायला लागलो, तर सासूबाई म्हणाल्या, “इथली स्वैपाकीण सांगत होती, हेच गवे रात्री शेतात उतरतात. एका रात्रीत उभं पीक जातं. तुम्ही पैसे देऊन बघायला येता नि आम्ही डबे बडवून हाकलतो, म्हणाली.” आम्ही गप्पच झालो. २०२१ च्या डिसेंबरात गवे थेट कोल्हापूरच्या वेशीवर आले होते, तेव्हा आपल्याला त्यांची भीती कळली. तिला ती रोजचीच.

दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरलो. वळणं अशी, की धाकटीनं दोनदा गाडी थांबवायला लावली. घाटाआधी पोरांना पोटभर खायला देऊ नका. आल्याची वडी जवळ ठेवा. घाट संपला की हवाच बदलते. दमट, माडांची, मासळीची. मालवणला जेवणावर सोलकढी आली. ती पिऊन सासूबाईंनी आधी कोकमं कुठं मिळतात ते विचारून ठेवलं.

आणि मग समुद्र. किनाऱ्यावर त्या किती तरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. नऊवारीचा काठ भिजत होता, तिकडं लक्ष नव्हतं. मग म्हणाल्या, “आपली पंचगंगा इथंच येते ना गं?”

आता आली पंचाईत. दाजीपुरावर पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि तिथून सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. एवढा जवळचा समुद्र सोडून! मी ते वाळूवर बोटानं काढून दाखवलं. “इतकं जवळ असून?” एवढंच म्हणाल्या.

होडीत चढताना दोन होडीवाल्यांनी हात दिला, “आजी, सावकाश.” सिंधुदुर्गाचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तट असा वळवलाय. ही मी शिकवलेली गोष्ट, पण होडी तटावर आदळणार असं वाटतं तेव्हाच ती कळते. आत अठ्ठेचाळीस एकरांचा पसारा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आणि भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. १८१२ च्या तहात इंग्रजांकडे जाईपर्यंत हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता, हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे समुद्र आपलाच होता की!” २०२५ मध्ये पन्हाळा आणि सिंधुदुर्ग दोघांचीही नावं एकाच वेळी जागतिक वारशात गेली, हे ऐकून तर त्यांना सोयरीक जमल्यासारखा आनंद झाला.

संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांनी पिशवीतून नारळ काढला. घरून आणलेला! ‘मला काय करायचाय समुद्र’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी तो कधी भरला, मला पत्ता नाही. हळदकुंकू लावून त्यांनी तो पाण्यात सोडला. लाटेनं परत आणला. पुन्हा सोडला, पुन्हा परत. शेवटी आमचे हे गुडघाभर पाण्यात गेले आणि लांब भिरकावून आले.

सोमवारी चौथीच्या वर्गात शिरल्या शिरल्या मी दुसऱ्या बाकाकडे बघून म्हटलं, “बघितला बरं का सिंधुदुर्ग!”

तो उभा राहिला. “आणि बाई, विजयदुर्ग?”