प्रवेशसंख्या : एक

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी इचलकरंजीच्या त्या घरात एक कोरी वही उघडली गेली. सुताच्या जुन्या पेढीचे मालक, वय वर्षे 68, घरात सर्वजण ज्यांना अण्णा म्हणतात, त्यांनी पानाच्या डाव्या बाजूस गावांची नावे लिहिली : अँटवर्प, कॅले, डोव्हर, लेस्टर, एडिंबरा, न्यूकॅसल, आयमाउडेन आणि पुन्हा अँटवर्प. उजव्या बाजूस किलोमीटर, मुक्काम आणि खर्च असे तीन रकाने आखले.

अण्णांची थोरली बहीण, अक्का, लेस्टरला मुलाकडे राहते. भावाबहिणीची भेट होऊन अकरा वर्षे झाली होती. आता तिचे गुडघे गेले, हृदयाचे दुखणे मागे लागले. डॉक्टरांनी विमानप्रवासास मनाई केली. ती येऊ शकत नाही, तर आपण गेले पाहिजे, एवढा हा सरळ हिशेब होता. काकूंचे म्हणणे, मुंबईहून थेट लंडन गाठावे. पण अण्णांचा मुलगा सहा वर्षांपासून अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवसायात आहे. त्याचे बिऱ्हाड पाहावे आणि तेथून त्याच्याच गाडीने अक्काच्या दारात उतरावे, ही अण्णांची हौस. माहेरचा माणूस स्वतःच्या वाहनाने दारात यावा, याची गोडी भाड्याच्या टॅक्सीत नाही.

अण्णांनी सर्वांत अधिक वेळ दिला तो समुद्राच्या टप्प्याला. अँटवर्प ते कॅले सुमारे 210 किलोमीटर. कॅले ते डोव्हर मोटारी वाहणारी बोट सुमारे दीड तासात जाते. समुद्राखालच्या भुयारातून गाडीसकट नेणारी रेल्वे अवघ्या 35 मिनिटांत पोचवते; परंतु डब्यात बसून समुद्र ओलांडला असे कोणत्या तोंडाने सांगावे? बोटच ठरली. फ्रान्स सोडल्याचा आणि ब्रिटनमध्ये प्रवेशाचा असे दोन्ही तपास कॅलेच्याच बंदरावर, बोटीत चढण्यापूर्वी होतात; म्हणून तिकिटावरील वेळेच्या बरेच आधी पोचणे आले. बोट सुटल्यावर गाडीत कोणालाही बसू देत नाहीत. तेव्हा औषधांची पिशवी वर घेऊन जायची, हे वहीत लाल शाईने लिहिले गेले. डोव्हरला उतरताच घड्याळ एक तास मागे.

पुढे वाहतूक डावीकडून, म्हणजे अण्णांची जन्माची सवय. पण गाडी बेल्जियमची, सुकाणू डावीकडे. दुसऱ्या वाहनास मागे टाकताना उजवीकडे बसलेल्याने डोळे व्हायचे. गाडीच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून काचेवर चिकटपट्ट्या लावायच्या. लंडनला वळसा घालताना डार्टफर्डला टेम्स ओलांडण्याचा कर लागतो. तेथे नाकेच नाहीत, पैसे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतात. एका दिवसाची ही उधारी अण्णांना फार पसंत पडली. काकूंना तूप न्यायचे होते; दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत हे कळल्यावर दशम्या, चटणी आणि मेतकूट यांवर तडजोड झाली.

परतीचा मार्ग मात्र अण्णांनी केवळ आपल्या मनासाठी आखला होता. न्यूकॅसलहून संध्याकाळी सुटणारी बोट दुसऱ्या सकाळी हॉलंडच्या किनाऱ्यास लागते. समुद्रावर एक पूर्ण रात्र! काकूंनी कधी समुद्रावर झोप घेतली नव्हती. केबिन आधीच राखून ठेवली गेली.

ब्रिटनचा व्हिसा मार्चमध्ये आला. मग पासपोर्ट शेंगेन व्हिसासाठी गेले. 29 देशांना हा एकच परवाना चालतो; ब्रिटन त्यांत नाही. एप्रिलच्या मध्यास पासपोर्ट परत आले. चाळीस वर्षे मालाचे बिल ताडून पाहिल्याशिवाय पुढे न सरकवणाऱ्या अण्णांनी चष्मा लावला आणि प्रवेशसंख्येच्या रकान्यात त्यांना '01' दिसले.

एकदाच प्रवेश. बोटीने ब्रिटनला गेले की तो संपला. न्यूकॅसलहून परत हॉलंडला उतरता येणार नव्हते. अर्ज मुलाने रात्री जागून संगणकावर भरला होता. बेल्जियमला एकदाच जायचे, म्हणून त्याने एक लिहिले. सही अण्णांची होती. परक्याने भरलेला कागद असता तर त्यांनी तो ओळ न् ओळ वाचला असता.

नव्याने अर्ज करण्यास वेळ उरला नव्हता. दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "अण्णा, चूक माझी आहे. तुम्ही दोघे लेस्टरहून लंडनला जा आणि तेथूनच विमानाने मुंबई गाठा. गाडी मी एकटा परत आणीन." अण्णांनी वही समोर ओढली. बेल्जियम आधी, ब्रिटन शेवटी. मग एक प्रवेश पुरतो. विमानाची तिकिटे बदलली. केबिनचे काही पैसे परत मिळाले, काही बुडाले. बुडालेली रक्कम त्यांनी खर्चाच्या रकान्यात 'वाचनातील हयगय' या सदराखाली, स्वतःच्या नावे टाकली. मुलाला त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत.

एडिंबरा आणि न्यूकॅसलवर रेघ ओढली गेली. त्या रेघेमुळे लेस्टरचे तीन दिवस सात झाले, हे प्रथम काकूंच्या ध्यानात आले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मंदिरात अक्काला चाकाच्या खुर्चीतून नेण्याचेही त्यांनी ठरवून टाकले. पूर्वी ते ख्रिस्ती प्रार्थनागृह होते. 1988 मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली.

त्या रात्री अक्काला फोन झाला. बोटीचे, भुयाराचे, व्हिसाचे सारे रामायण तिने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "अरे, ते सगळं राहू दे. सूर्यास्ताच्या आत पोचशील ना? की तुमचं जेवण झाकून ठेवू?"

अण्णांनी मे महिन्याचे कोष्टक पाहिले आणि वहीत शेवटची ओळ लिहिली : लेस्टर, सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास. "पोचतो, अक्का," ते म्हणाले, "तू भाकऱ्या गरमच कर."