मराठी कीबोर्डची ओळ कुठे लिहावी

गडमुडशिंगीच्या एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ आहे, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावची एमआयडीसी. अशा भागातल्या दुकानांत आणि लहान ऑफिसांत सात-आठ वर्षांपूर्वीचे संगणक अजून नीट चालतात. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार संपला, आणि विंडोज 11 ला लागणारा प्रोसेसर व टीपीएम 2.0 यातल्या बऱ्याच यंत्रांत नाही. चालतं यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणं मला रास्त वाटतं. मी स्वतः इथे लिनक्सवरच मराठी लिहितो, आणि माझं निरीक्षण असं की मराठी माणूस तिथे फॉन्टपाशी अडत नाही. लोहितसारखे मुक्त फॉन्ट दोन दशकांपासून आहेत, इनस्क्रिप्टची मांडणी 1991 च्या भारतीय मानकात आहे. माणूस अडतो तो एका ओळीपाशी. मराठी टाइप करण्यासाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स हा इनपुट प्रोग्रॅम बसवला की कुठली तरी मार्गदर्शिका सांगते, ‘जीटीके_आयएम_मॉड्यूल’, ‘क्यूटी_आयएम_मॉड्यूल’ आणि ‘एक्समॉडिफायर्स’ हे तीन व्हेरिएबल डॉट-बॅशआरसी या फाइलमध्ये घाला. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणं थांबलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सल्ला टिकून राहतो, कारण तो अर्धा चालतो. टर्मिनल उघडून तिथून लिब्रेऑफिस सुरू केलं की मराठी उमटते. तेच लिब्रेऑफिस मेनूतून उघडलं की ‘क’च्या जागी इंग्रजी ‘के’ येतो. मग माणूस कीबोर्डला दोष देतो, आयबस काढून पुन्हा बसवतो. खरं कारण एवढंच की व्हेरिएबल जन्मदात्या प्रोसेसकडून पोटच्या प्रोसेसकडे उतरतात, उलटे चढत नाहीत. शेवटच्या सरीत ओतलेलं पाणी पाटाकडे परत जात नाही, तसंच हे. डॉट-बॅशआरसी वाचते ती टर्मिनलच्या खिडकीतली बॅश, आणि ती खिडकी डेस्कटॉपच्या पोटी जन्मलेली असते. मेनूतून उघडणाऱ्या प्रोग्रॅमला तिच्या हातचं काही मिळण्याचा प्रश्नच येत नाही. हे ताडून पाहणंही सोपं आहे. ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘एन्व्हायरन’ नावाची फाइल असते, आणि सुरू होताना त्या प्रोसेसला काय काय मिळालं ते तिच्यात दिसतं. मेनूतून उघडलेल्या आणि टर्मिनलमधून उघडलेल्या लिब्रेऑफिसच्या या फाइली शेजारी शेजारी ठेवा. वाद उरत नाही.

तेव्हा ओळ जिथे सेशन जन्मतं तिथे लिहिली पाहिजे. ग्नोम आणि प्लाझ्मा या डेस्कटॉपची नवी सेशन सिस्टीमडीच्या आधाराने उभी राहतात. त्यांच्यासाठी घरच्या ‘डॉट-कॉन्फिग’ डिरेक्टरीत ‘एन्व्हायर्नमेंट-डॉट-डी’ नावाची डिरेक्टरी करून तिच्यात ‘कॉन्फ’ने संपणारी फाइल ठेवायची. तिच्यात फक्त नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. एक्सपोर्ट नको, इफ नको. मला हा साधेपणाच मोलाचा वाटतो, कारण या फाइलमध्ये आज्ञा चालतच नाहीत. याउलट लाइटडीएम या लॉगिन-प्रोग्रॅमची सेशन-स्क्रिप्ट बऱ्याच ठिकाणी डॉट-प्रोफाइल ही फाइल वाचते ती साध्या एसएचमध्ये. तिथे कुणी बॅशची खास वाक्यरचना किंवा एखादं ‘एक्झिट’ लिहून ठेवलं, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येऊ शकतो. दुकानातल्या माणसासाठी त्याचा अर्थ संगणक बंद पडला असाच होतो.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की डॉट-प्रोफाइल वर्षानुवर्षं चालत आलंय, नवीन फाइल कशाला? चालत आलंय हे खरं, पण ते इतर गोष्टींच्या भरवशावर. घरात डॉट-बॅश_प्रोफाइल आली की लॉगिनची बॅश डॉट-प्रोफाइलकडे पाहतही नाही. लॉगिनची शेल म्हणून झीशेल घेतलं तर ते ती मुळात वाचतच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एसएसएचने आत येणाऱ्याला एन्व्हायर्नमेंट-डॉट-डी मधलं काही मिळत नाही, आणि जुन्या यंत्रांवर हलकं म्हणून जे एक्सएफसीई बसवतात ते सहसा सिस्टीमडीतून उभं राहत नाही. हे मला मान्य आहे. डेबियनच्या घराण्यात त्यासाठी डॉट-एक्ससेशनआरसी ही फाइल आहे, आणि त्याहून बरं म्हणजे ‘आयएम-कॉन्फिग’ हे साधन आहे, जे हीच ओळ योग्य ठिकाणी घालतं. एसएसएचसाठी डॉट-प्रोफाइल ठेवावी. यातून एकच फाइल सगळ्यांना पुरत नाही एवढं ठरतं. डॉट-बॅशआरसीची बाजू त्यानेही बळकट होत नाही.

तिसरा आक्षेप असा की वेलँडवर या ओळींची गरजच उरलेली नाही. बऱ्याच अंशी खरं आहे. जीटीकेचे नवे प्रोग्रॅम वेलँडच्या टेक्स्ट-इनपुट प्रोटोकॉलमधून थेट मजकूर घेतात, आणि तिथे जुनं ‘जीटीके_आयएम_मॉड्यूल’ शिल्लक असेल तर ते त्या वाटेला बगल देऊन जुन्याच मॉड्यूलकडे नेतं. पण म्हणून तर ओळ कुठे लिहिली आहे हे माहीत असणं आणखी गरजेचं ठरतं. चार फाइलींत विखुरलेली ओळ काढायची कोणी आणि कशी? एका फाइलमध्ये असेल तर ती पुसायला क्षणभर पुरतो.

ज्यांच्या यंत्रावर मराठी अर्धीच उमटते त्यांनी आधी डॉट-बॅशआरसी उघडून या तीन ओळी काढाव्यात. आपलं सेशन ग्नोम, प्लाझ्मा की एक्सएफसीई हे पाहावं आणि गरज असेल तर त्याच्या जागीच त्या लिहाव्यात. मग नुसतं टर्मिनल बंद करून भागणार नाही; पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं, कारण चालू सेशन नव्याने काही वाचत नाही.