मूळ प्रत

बंद पेटी दिसली कीं ती उघडून पाहावी, आणि उघडली कीं तींत कांहीं तरी फेरफार करावा, ही मनुष्याची खोड फार जुनी आहे. लहानपणीं घड्याळ उघडून त्याचीं चक्रें पुन्हां बसवितां न आल्यामुळें वडिलांचा मार खाल्लेले गृहस्थ प्रत्येक गांवीं सांपडतील. आमच्या तासगांवीं आम्हां दोघां भावांनीं जी पेटी उघडली, तींत मात्र चक्र नव्हतें कीं स्प्रिंग नव्हती. तींत केवळ आंकडे होते. त्या आंकड्यांची ही हकीकत आहे. तींत आमचें चातुर्य थोडें व फजिती अधिक आहे. आणि म्हणूनच ती माझ्याहून लहान वाचकांच्या उपयोगीं पडेल, अशा आशेनें लिहीत आहें.

पूर्वीं मोटारीचें इंजिन नीट लावणें म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू पिळणें असे. कान आणि हात हींच मिस्त्रीचीं साधनें. पुढें १९७९ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची 'मोट्रॉनिक' नांवाची योजना बी. एम. डब्ल्यू. मोटारींत बसली, आणि पेट्रोल किती सोडावें व ठिणगी केव्हां पाडावी हीं दोन्ही कामें एका लहानशा संगणकाकडे गेलीं. आज डिझेलच्या मोटारींतही असाच एक कारभारी असतो. त्यास ई. सी. यू. म्हणतात. चालकानें पॅडल किती दाबलें, इंजिन मिनिटास किती फेरे घेत आहे, आंत हवा किती आली, पाणी किती तापलें, याची तो क्षणोक्षणीं चौकशी करितो आणि प्रत्येक सिलिंडरांत किती मिलिग्रॅम डिझेल सोडावयाचें तें ठरवितो. यासाठीं त्याच्या स्मृतींत कोष्टकें भरलेलीं असतात. एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस पॅडलची मागणी, आणि दोहोंच्या छेदाच्या घरांत एक आंकडा. या कोष्टकास 'मॅप' म्हणतात; आणि त्यांतील आंकडे बदलून तें पुन्हां भरणें, याचें नांव 'रीमॅपिंग'.

दादा त्या वेळीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास होता आणि मी नववींत होतों. आमच्या घरीं एक जुनी डिझेल मोटार आहे. १ एप्रिल २०२० रोजीं देशभर लागू झालेल्या बी. एस. सहा नियमांच्या आधीं बनलेली. द्राक्षांच्या हंगामांत ती मोटार राहत नाहीं, हमालच होते. मागचें बाक दुमडून तींत क्रेट भरावयाचे आणि मळ्यांतून चढावरच्या बेदाण्याच्या शेडपर्यंत न्यावयाचे, हें तिचें काम. भरल्या ओझ्यानें तो चढ चढतांना ती धापा टाकी. तिची ती धाप थांबवावी, हा दादाचा हेतु. आणि त्या हेतूंत वाईट कांहीं नव्हतें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

फेब्रुवारींतील एका रविवारीं आण्णा बाजारांत गेलेले पाहून दादा लॅपटॉप घेऊन मोटारींत जाऊन बसला. स्टिअरिंगच्या खालीं एक सॉकेट असतें. दोष शोधण्यासाठीं मिस्त्री आपलें यंत्र तेथेंच जोडतो. दादानें मित्राकडून आणलेली केबल तेथें जोडली आणि ई. सी. यू. मधील सारी माहिती उतरवून घेतली. ती उतरतांच त्यानें तिची एक नक्कल निराळ्या पेनड्राइव्हवर ठेविली व त्यास कागद चिकटवून वर 'मूळ' असें लिहिलें. त्या दिवशींच्या आमच्या सर्व कृत्यांत शहाणपणाचें कृत्य तेवढें एकच, असें आज वाटतें.

सॉफ्टवेअरनें ती माहिती पडद्यावर मांडली तेव्हां मला प्रथम नुसता आंकड्यांचा पूर दिसला. हळूहळू त्यांत कोष्टकें ओळखूं येऊं लागलीं. त्यांपैकीं दोन दादाच्या डोळ्यांत विशेष खुपत होतीं: एक, आंत आलेल्या हवेच्या मानानें डिझेलवर मर्यादा घालणारें, दुसरें, इंजिनाची एकंदर ओढ आवरून धरणारें. "कंपनीनं मुद्दाम हात आखडता घेतलाय," असें म्हणून त्यानें दोन्ही कोष्टकांच्या वरच्या घरांतील आंकडे वाढविले. किती वाढवावे, यास आमच्याजवळ आधार काय? दुसऱ्या कोणीं तरी दुसऱ्या मोटारींत तितके वाढविले होते, एवढाच. त्या फाइलींत 'चेकसम' म्हणून एक आंकडा असतो. शाळेंत आपण गुणाकाराचा ताळा पाहतों, त्यांतलाच हा प्रकार. ताळा जुळला नाहीं तर बदललेली फाइल चालत नाहीं. सॉफ्टवेअरनें आमचा ताळा जुळवून दिला. परंतु ताळा जुळला म्हणजे उदाहरण बरोबर मांडलें होतें असें नव्हे, हें गणिताच्या गुरुजींनीं आम्हांस कितीदां तरी बजावलें होतें!

नवीन आंकडे घेऊन मोटार सुरू झाली आणि तो चढ तिनें एका दमांत घेतला. दादाचा चेहरा असा फुलला होता कीं काय सांगावें! ओढ किती वाढली हें मोजण्याचें साधन आमच्याजवळ नव्हतें. आमच्या उत्साहालाच आम्हीं मोजमाप समजलों. मागील आरशांत एक काळसर लोट दिसला खरा, पण तो धुळीचा असेल म्हणून आम्ही पुढें पाहूं लागलों.

बेदाणा कसा होतो हें तासगांवकरांस सांगावयास नको. बाहेरच्या वाचकांसाठीं दोन शब्द लिहितों. पिकलेले घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या पाण्यांत बुडवून शेडमधील जाळीच्या रॅकवर पसरतात. वर छप्पर असतें, बाजू मात्र वाऱ्यासाठीं मोकळ्या. दोन-तीन आठवडे सावलींत सुकून द्राक्षाचा बेदाणा होतो. सौद्यास आलेला व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन आधीं त्याचा रंग पाहतो. हिरवट-पिवळा रंग असला तर भाव. काळवंडला तर वर्षाच्या कष्टांवर पाणी.

चार दिवसांनीं आण्णांनीं मला शेडकडे हांक मारिली. मोटार जेथें मागें घेऊन उभी करीत, तेथल्या कडेच्या शेडनेटवरून त्यांनीं बोट फिरविलें आणि तें माझ्यापुढें धरिलें. बोटावर काजळी होती. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "गाडी आदी असला धूर सोडत नव्हती. काय केलंसा?" मी खालीं पाहिलें. दादा घरीं आल्यावर त्यानें सारें सांगितलें. तेव्हां आण्णांनीं एकच प्रश्न विचारिला: "ती मापं कंपनीनं कशापायी ठरवलीवती, ते बघितलंस का?"

दादानें तें पाहिलें नव्हतें. रात्रीं पुस्तक काढून त्यानें तें पाहिलें, आणि मलाही समजावून सांगितलें. एक भाग डिझेल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें साडेचौदा भाग हवा लागते. आणि सिलिंडरांत तें हवेशीं सर्वत्र सारखें मिसळत नसल्यामुळें प्रत्यक्षांत याहून बरीच अधिक हवा हाताशीं ठेवावी लागते. ती कमी पडली कीं अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते, बाहेर पडणारा वायु अधिक तापतो, आणि टर्बो व पिस्टन यांच्या आयुष्यास कीड लागते. म्हणजे जो आंकडा आम्हांस कंपनीचा कंजूषपणा वाटला, तो वस्तुतः कुंपण होता. कुंपण कशासाठीं घातलें हें न विचारितां आम्हीं तें दोन हात पुढें सरकविलें होतें.

येथें आमचें प्रायश्चित्त संपावयाचें. पण आमची खरी चूक यापुढेंच घडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजीला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं सांगलीस न्यावयाचें होतें. शहाण्यानें मोटारीस त्या रात्रीं हात लाविला नसता. परंतु केलेली चूक उजाडण्यापूर्वीं पुसून टाकावी, अशी दादास घाई झाली. जुनी फाइल पुन्हां भरण्यास कांहीं मिनिटें लागतात. आधीं जुनें पुसलें जातें, मग नवें लिहिलें जातें. आणि तेवढा वेळ मोटारीच्या बॅटरीचा दाब कायम राहावा म्हणून तीस चार्जर लावून ठेवण्याची रीत आहे. आमच्याजवळ चार्जर नव्हता, आणि बॅटरी जुनी होती. उजेडासाठीं मोटारींतील दिवाही आम्हीं लावलेला! काम अर्ध्याहून पुढें गेलें आणि पडदा थांबला. जुनें पुसलें गेलें होतें, नवें पुरतें लिहिलें गेलें नव्हतें. दादानें किल्ली फिरविली. कांहींच झालें नाहीं.

पहांटे आजी स्नान करून, धुवट लुगडें नेसून, पिशवी मांडीवर घेऊन सोप्यांत बसली होती. मोटार चालत नाहीं हें सांगण्याचें काम दादानें माझ्यावर टाकिलें नाहीं. तो स्वतः तिच्यापुढें जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, "मग यष्टी हाय की. चला." एस. टी. नें जाईतों तिची वेळ टळली, आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनीं मिळाली. परत येतांना एका हातानें माझा खांदा धरून ती पायऱ्या चांचपीत उतरली. "डोळा काय पळून चाललाय व्हय?" असें हंसून म्हणाली, पण ते पंधरा दिवस दादा तिच्या पुढें वर मान करून जेवला नाहीं.

ती पेटी काढून आम्हीं सांगलीच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्यानें ती मेजावर उघडली, आंतील पट्टीस बारीक तारा जोडल्या आणि विचारिलें, "मूळ फाइल ठेवलीय का?" दादानें पेनड्राइव्ह पुढें केला. मिस्त्री म्हणाला, "शहाणा आहेस. पोरं सगळं घेऊन येतात, तेवढंच विसरतात." तासाभरांत पेटी जिवंत झाली. शहाणा म्हटल्याबद्दल इतका ओशाळलेला मनुष्य मीं दुसरा पाहिला नाहीं.

पुढें दादानें या विषयाचें वाचन सोडलें नाहीं, उलट वाढविलें. त्यांत त्यास फोक्सवागनचें प्रकरण सांपडलें. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत उघड झालें कीं, या कंपनीच्या डिझेल मोटारींचें सॉफ्टवेअर परीक्षा चालू असल्याचें ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी आणि रस्त्यावर येतांच मोकळें सुटे. जगभर सुमारें १ कोटी १० लाख मोटारींत हें सॉफ्टवेअर होतें. आपल्याकडे पुण्याच्या ए. आर. ए. आय. या संस्थेनें तपासणी केल्यावर डिसेंबर २०१५ मध्यें ३,२३,७०० मोटारी परत बोलाविण्याचें कंपनीनें जाहीर केलें. म्हणजे आंकड्यांशीं खेळण्याचा मोह आमच्यासारख्या पोरांनाच होतो असें नाहीं. फरक इतकाच कीं, आम्हांस कुंपणाचें कारण ठाऊक नव्हतें. त्यांस तें ठाऊक होतें. कायद्याचेंही एक कुंपण आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलांशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई करितें. मोटार आपली असली तरी तिचा धूर सर्वांचा असतो.

तर मग बदल करूंच नये काय? हा प्रश्न मीं आण्णांस विचारिला. ते द्राक्षबागेचे शेतकरी. त्यांनीं बागेचेंच उत्तर दिलें. "नवं औषध आलं, तर आमी आदी एका वळीवर मारून बघतो. सगळ्या बागंवर नाय." मला तें पटलें. 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात आमच्याच तालुक्यांत 'थॉमसन सीडलेस'च्या वेलींतून निवडली गेली. निराळी दिसलेली फांदी कोणीं तरी नीट पाहिली, जपली, पारखली, तेव्हां ती बागांत पसरली. जुन्या वेली आधीं उपटून कोणीं हा शोध लाविला नाहीं.

आजीचा डोळा पुढें उत्तम झाला. मोटार अजून चढावर धापा टाकते, आणि शेडनेट स्वच्छ आहे. तो कागद चिकटविलेला पेनड्राइव्ह दादा फेंकून देणार होता. आण्णांनीं तो मागून घेतला आणि सातबाऱ्याचे उतारे ठेवण्याच्या पत्र्याच्या पेटींत नेऊन ठेविला. तो अजून तेथेंच आहे.