रेडिओचा कोड

जळगावात बॅटरी बदलली आणि आमच्या जुन्या गाडीचा रेडिओ चार आकडी कोड मागू लागला. कंपनीतूनच बसवून आलेल्या काही रेडिओंना चोरीपासून बचावासाठी ही सोय असते. वीज तुटली की कोडशिवाय आवाज नाही. चुकीचे आकडे टाकत राहिले तर तो आणखीच अडून बसतो, म्हणून अंदाज आम्ही टाळला. कोडचे कार्ड धुळ्याला, गाडी विकणाऱ्या चाचांच्या घरी. पण चाचांचा नुकताच इंतिकाल झालेला, चाची इद्दतीत. रेडिओपायी त्यांना काय विचारणार? चार महिने दहा दिवस पुरे होईपर्यंत एरंडोल-पारोळ्याचा रस्ता आम्ही मुक्यानेच कापला. पुढे अम्मींनी विषय काढला, तेव्हा चाचींनी लगेच कपाट उघडले. कार्डामागे चाचांच्या अक्षरात चार आकडे, खाली ‘आवाज कमी ठेवा’.