बेलापूरचा मुनीम

त्याला कुणी पाहिलेलं नाही. स्टेट बँकेत उभी हयात काढलेल्या माणसांनीही नाही. पण त्याची चौकशी शाखेशाखेतून रोज सकाळी होते. "आली का लिंक?" आली म्हटलं की कॅशियर नोटा मोजायच्या यंत्राचं बटण दाबतो. नाही म्हटलं की रांग मुकाट्यानं बाकावर जाऊन बसते.

हा मुनीम म्हणजे बँकेची संगणकप्रणाली: कागदावर नाव कोअर बँकिंग, शाखेत नुसतं सीबीएस. जन्म सिडनीचा, एफएनएस नावाच्या कंपनीतला. 2002 मध्ये स्टेट बँकेनं आपला सगळा कारभार एका ठिकाणी आणायचं काम टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीला दिलं, तेव्हा त्याला इकडे आणलं गेलं. 2005 मध्ये टीसीएसनं एफएनएसच विकत घेतली, म्हणजे पोराबरोबर त्याचे आईबापही आले. मुक्काम नवी मुंबईत, बेलापूरला. दुसऱ्या शहरात त्याचा जुळा भाऊ पोसलेला आहे. बेलापूरवर काही अरिष्ट आलंच तर गादी त्यानं चालवायची.

तो येण्यापूर्वी प्रत्येक शाखा म्हणजे एक संस्थान होतं. आधी जाडजूड लेजरं, मग 1983 च्या करारानंतर युनियनशी घासाघीस करत एकेक आलेली लेजर पोस्टिंग मशिनं, पुढे शाखेपुरता संगणक. लातूरच्या खातेदाराला पुण्याच्या शाखेत कुणी ओळख देत नसे. लातुरात मात्र क्लार्क त्याला दारातून आत येतानाच ओळखे आणि तो काउंटरला पोचेपर्यंत लेजरचं पान उघडलेलं असे.

मुनीम आला आणि ही संस्थानं खालसा झाली. 2008 पर्यंत दहा हजारांच्या आसपास शाखा त्याच्या वहीत जमा झाल्या. पासबुकात नवा अकरा आकडी नंबर आला, त्याच्यापुढे सहा शून्यं. ही शून्यं कशाला, हे एकाही पासबुकवाल्याला कुणी समजावून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

स्वभाव कोरडा. चेहरा ओळखत नाही, भीड धरत नाही. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची. साहेबांच्या मेव्हण्यालाही हाच नियम. पण कोरडी माणसंच कधी कधी हिशेबाला चोख निघतात. बचत खात्याच्या व्याजाचंच पाहा. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळे. पंचवीस तारखेला पोराच्या फीसाठी पाच हजार काढले, की त्या पाच हजारांचं पूर्ण महिन्याचं व्याज बुडालं. यात कुणाची लबाडी नव्हती. लाखो खात्यांचं रोजचं व्याज हातानं काढणार कोण? रिझर्व्ह बँकेनं 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला सांगितलं, ते बँकांचे हिशेब संगणकावर आले होते म्हणून. आपण झोपलेले असताना बेलापूरला तो रात्रभर हा पैपैचा हिशेब करत असतो. लेजरवाल्या क्लार्कबद्दल हळहळणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे पंचवीस तारखेचं गणित विसरू नये.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि त्याच्या झोपेचं खोबरं झालं. दहा रुपयांच्या चहासाठीही लोक त्यालाच हाक मारू लागले. शेवटी 2022 मध्ये यूपीआय लाईट निघालं. किरकोळ पैसे फोनमधल्याच बटव्यातून द्यायचे आणि प्रत्येक कपासाठी मुनिमाला उठवायचं नाही, हाही त्यामागचा एक हेतू.

स्टेट बँकेनं हे काम बाहेर दिलं असं आपण सहज म्हणतो, जणू चादरी धोब्याकडे टाकल्या. चादरी परत येतात; धोबी बदलताही येतो. मुनिमाचं तसं नसतं. वाडा मालकाचा, तिजोरी मालकाची, पण कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे त्याला पाठ. पेढी जितकी वाढते तितका तो हलवणं अवघड. 2017 मध्ये पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या. त्यांचे हिशेबही याच घराण्यातले मुनीम लिहीत होते, म्हणून घडी फारशी विस्कटली नाही. ही सोयही आहे आणि बेडीही. माझ्या मते बेडी जास्त. पण आज ती तोडून पाहा असा सल्ला मी तरी स्टेट बँकेला देणार नाही.

2002 मध्ये टीसीएसकडे दिलेला मुनीम अजून टीसीएसच सांभाळते.